पाठीखालची थंडी

प्रश्न : ताई, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझी सतरा वर्षांची मुलगी उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या ट्रेकला जाणार आहोत. दोघींनीही बर्फ कधी पाहिलेला नाही. स्लीपिंग बॅगा घेऊन झाल्या, त्यांच्यावर उणे दहा असं लिहिलंय. खाली काय घालायचं यावर मात्र घरात वाद चाललाय. गेल्या जानेवारीत रसाळगडाच्या पायथ्याच्या वाडीत, एका अंगणात तंबू लावून झोपलो होतो. तेव्हा पंपाने फुगवायची चार इंची गादी नेली होती. मऊ होती, पण पहाटे तीनपासून पाठ आणि कंबर गारठली. अंगावर दोन ब्लँकेटं होती तरीही. बाजूच्या तंबूतल्या मुलाकडे साधी कॅरीमॅट, म्हणजे गुंडाळून न्यायची फोमची चटई होती, तो उजाडेपर्यंत गाढ झोपला. दुकानदार म्हणतो, बर्फात याहून जाड गादी घ्या. मिस्टर म्हणतात, मॅट तिथे देतातच, त्यापेक्षा स्लीपिंग बॅग आणखी भारी घ्या. महागाची मॅट एकीपुरतीच परवडेल. काय करू?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : दुकानदाराचं ऐकू नका. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या कॅरीमॅटवाल्या मुलानेच देऊन ठेवलंय.

आपल्या किनाऱ्यावर थंडी म्हटली की वारा. पहाटे डोंगराकडून मतलई सुटते, नाक-कान गार होतात आणि आपण पांघरूण डोक्यावर ओढतो. इथे दापोलीत पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हाही आम्ही करतो ते एवढंच, अंगावर आणखी एक गोधडी. खालची चिंता कुणी करत नाही, कारण घरातली जमीन कधी तेवढी थंड होतच नाही. म्हणून कोकणातून हिमालयात जाणारी माणसं सगळे पैसे पांघरुणावर घालतात. बर्फावर हाच हिशेब उलटा करावा लागतो, आणि ते मला प्रत्येक तुकडीला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

स्लीपिंग बॅग स्वतः ऊब तयार करत नाही. तिच्यातली पिसं किंवा तंतू फुगलेले असतात, त्यांच्या फटीफटीत हवा अडकून राहते आणि ती हवा अंगातली उष्णता धरून ठेवते. तुम्ही आडव्या झालात की पाठीखालचा भाग तुमच्या वजनाने चेपून जातो. हवा गेली की ऊब गेली. बॅग उणे दहाची असो की उणे वीसची, पाठीखाली ती पातळ कापडासारखीच उरते. तिथे काम करते ती फक्त मॅट. मिस्टरांना हे जरूर वाचून दाखवा.

तुमच्या चार इंची गादीत हवा भरपूर होती, पण ती मोकळी होती. गादीच्या आत अडसर काही नसतो. आपण कूस बदलली की पाठीखालची कोमट हवा कडेला जाते आणि कडेची गार हवा पाठीखाली येते. शिवाय वरच्या पापुद्र्याची उष्णता मधल्या पोकळीतून किरणांच्या रूपाने थेट खालच्या पापुद्र्याला पोचते आणि तिथून जमिनीत जाते. कॅरीमॅटच्या फोममध्ये हवा बारीक बारीक बंद पेशींत कोंडलेली असते. तिला हलायला जागाच नाही. भाताच्या उडवीत कोपरापर्यंत हात घालून पाहिलात तर बाहेर कितीही गारठा असला तरी आत ऊब लागते, ती याच कारणाने. म्हणजे प्रश्न हवा किती आहे हा नाही. ती जागच्या जागी राहते का, हा आहे.

हे मोजायला एक आकडा असतो, त्याला आर-व्हॅल्यू म्हणतात. उष्णता अडवण्याची ताकद, एवढाच त्याचा अर्थ. आकडा जितका मोठा तितकी मॅट उबदार. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने हा आकडा काढायची, त्यामुळे दोन कंपन्यांच्या मॅट समोरासमोर ठेवता येत नसत. २०१८ साली एएसटीएम या अमेरिकेतल्या संस्थेने एक सामाईक पद्धत ठरवली, तिचं नाव एफ ३३४०. वर ३५ अंशांची गरम पट्टी, खाली ५ अंशांची थंड पट्टी, मध्ये मॅट. वरची पट्टी ३५ वर टिकवायला किती ऊर्जा लागते ते मोजायचं. मॅटच्या वेष्टनावर या पद्धतीचा उल्लेख असेल तर आकड्यावर विश्वास ठेवा. नुसतं ‘एक्स्ट्रा वॉर्म’ किंवा ‘अल्पाइन’ छापलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही.

आता थोडं गणित सांगते, कारण दुकानात हेच तुमच्या कामी येईल. झोपलेला मोठा माणूस साधारण ७० ते ८० वॅट उष्णता तयार करतो. समजा तुमच्या पाठीकडची बाजू ३० अंशांवर आहे, जमीन शून्यावर आहे आणि जमिनीला टेकलेलं अंग ०.४ चौरस मीटर आहे. आर-व्हॅल्यू १ असेल तर जमीन सुमारे ६८ वॅट ओढून घेते. म्हणजे शरीर जेवढं कमावतं ते जवळजवळ सगळं जमिनीतच जातं. आर-व्हॅल्यू २ ला ते ३४ वर येतं, ४ ला १७ वर आणि ६ ला ११ वर. हा ढोबळ हिशेब आहे. प्रत्यक्षात अंगातले कपडे आणि चेपलेली बॅगही थोडं अडवतात. पण त्यातला उतार नीट पाहा. एकवरून दोनवर गेलात की ३४ वॅट वाचतात. चारवरून सहावर गेलात तर अवघे सहा. म्हणून सात-आठ आर-व्हॅल्यूची, पार ध्रुवावर नेण्यासारखी महागडी मॅट तुम्हाला नको. आणि आतून मोकळी असलेली फुगवायची गादी, जिची आर-व्हॅल्यू एकच्या आसपास असते, तीही अजिबात नको, मग ती चार इंची असो नाहीतर सहा इंची.

केदारकंठा ३,८१० मीटर उंच आहे. डिसेंबरअखेर तिथल्या कॅम्पवर रात्री पारा उणे पाच ते उणे दहापर्यंत उतरतो आणि तंबू बऱ्याचदा दाबलेल्या बर्फावरच उभे असतात. अशा ठिकाणी मी पाचच्या आसपासची आर-व्हॅल्यू धरते. पुरुषाला चारमध्ये निभावता येईल. बायकांना साधारणपणे जास्त थंडी वाजते, म्हणून आपण एक आकडा वर राहायचं. यात अंगातल्या ताकदीचा काही संबंध नाही, शरीराची ठेवणच तशी असते, त्यामुळे मुलगी ‘मला नाही वाजत’ म्हणाली तरी तिचं ऐकू नका.

पाच एकाच मॅटमधून मिळायला हवेत असं मुळीच नाही. मॅट एकावर एक घातल्या की त्यांच्या आर-व्हॅल्यूंची सरळ बेरीज होते. दोन अधिक तीन, पाच. तुमच्या अडचणीवरचा मार्ग इथेच आहे. एकीसाठी आत तंतू किंवा चकाकणारे पापुद्रे बसवलेली, तीन-साडेतीन आर-व्हॅल्यूची फुगवायची मॅट घ्या आणि तिच्याखाली दोन आर-व्हॅल्यूची कॅरीमॅट घाला. दुसरीसाठी दोन चांगल्या कॅरीमॅट एकावर एक. ते चार होतात. आयोजक देतात ती मॅट तिच्याखाली गेली की आणखी थोडी भर पडते. फुगवायची मॅट कुणी घ्यायची? तुमची कंबर दुखत असेल तर तुम्ही घ्या. तरुण मुलीला फोमवर झोप लागते. पैसे अजिबातच ओढूनताणून होत असतील तर दोघींनीही दोन-दोन कॅरीमॅटच घ्या. त्याला मी कमीपणाचं मानत नाही. फोमला भोक पडत नाही, त्याची झडप बिघडत नाही, आणि बर्फात मध्यरात्री या दोन गोष्टींचं मोल फार असतं. दुखणं एकच, गुंडाळ्या बोजड होतात. रत्नागिरीहून मंगला एक्स्प्रेसने जाणार असाल तर त्या बर्थखाली सहज मावतात. पुढे सॅकच्या बाहेर बांधाव्या लागतील, तेव्हा दोन्ही बाजूंना पट्टे असलेली सॅक न्या.

कॅरीमॅट घेताना हाताने दाबून बघा. नखाने दाबल्यावर खळगा लगेच भरून आला पाहिजे. फ्रिज-टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा फोम दोन रात्रींत चेपतो. योगासनांची मॅट चार-सहा मिलिमीटरची असते, तीही इथे पुरत नाही. कॅरीमॅट अंड्याच्या ट्रेसारख्या खळग्यांची आणि एका बाजूला चंदेरी असेल तर ती बाजू वर, अंगाकडे. कित्येकजण उलटी घालतात. आणि मॅटखाली चंदेरी प्लास्टिकचा पातळ कागद अंथरायचा सल्ला कुणी दिला तर मोडीत काढा. तो कागद उष्णतेचे किरण परतवतो, पण दोन्ही बाजूंनी दाबून धरलेला असला की त्याचा काहीच उपयोग होत नाही.

माझ्या तुकड्यांना मी एक प्रयोग करून दाखवते. हर्णै बंदरावर मासळीसाठी बर्फाच्या लाद्या येतात. त्यातल्या एका लादीवर आधी मोकळ्या हवेची गादी ठेवायची आणि तळहात जोर देऊन पाच मिनिटं टेकवायचा. मग तसंच कॅरीमॅटवर, मग दोन कॅरीमॅटवर. मग कोपर टेकवायचं, कारण कुशीवर झोपल्यावर कमरेचं हाड तसंच एका ठिकाणी रुतून बसतं. माणसं आपला हात आपणच मागे घेतात, मला काही बोलावं लागत नाही. तुम्हाला हे घरी डीप फ्रीजरमधल्या बर्फाच्या ताटावरही करता येईल. मुलीला करायला लावा.

फुगवायच्या मॅटबद्दल दोन गोष्टी. तोंडाने फुगवू नका. श्वासातली वाफ आत जाते, आतल्या तंतूंना ओल धरते आणि बर्फात ती गोठते. बरोबर पिशवीचा पंप येतो, तो वापरा. आणि संध्याकाळी ताठ भरलेली मॅट रात्री मऊ पडली तर भोक पडलं म्हणून घाबरू नका. हवा थंड होऊन आकसते. झोपण्याआधी अर्धा तास भरून ठेवा, मग निजताना आणखी थोडी भरा. फोम नेहमी खाली ठेवा. मॅट खरंच फुटली तर निदान दोन आर-व्हॅल्यू तरी पाठीखाली उरते.

आता स्लीपिंग बॅगेचं. ‘उणे दहा’ हा आकडा नेमका कुठला, ते आधी बघा. चांगल्या बॅगेवर तीन आकडे असतात : कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. बायकांनी कम्फर्टचा आकडा बघायचा. लिमिट हा साधारण पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढेल तो आकडा आहे. एक्स्ट्रीम म्हणजे जिवावर बेतण्याची हद्द, तो झोपण्यासाठी नाहीच. आणि हे सगळे आकडे खाली चांगली उबदार मॅट घातलीय असं गृहीत धरून काढलेले असतात. म्हणजे उणे दहाची बॅग एक आर-व्हॅल्यूच्या गादीवर टाकलीत तर ती उणे दहाची राहतच नाही. तुमचा उणे दहा लिमिटचा निघाला तर नवी बॅग घेऊ नका, आतून लावायचं लोकरी अस्तर घ्या किंवा ट्रेकच्या पायथ्याच्या सांकरी गावात जाड बॅग भाड्याने मिळते का बघा.

आयोजकांना आजच फोन करा आणि एवढंच विचारा : तंबूत मॅट देता ती किती जाडीची, फोमची की फुगवायची, आणि माणशी एक की दोन? ‘सगळी व्यवस्था आहे’ हे उत्तर धरू नका.

प्रश्न : ताई, मी एकोणीस वर्षांचा आहे. देवगडजवळ आमची कलमं आहेत, सगळी कातळावर. मोहोर आला की मी आणि काका रात्री बागेतल्या मांगरात राखणीला असतो. खाली प्लास्टिकचा कागद आणि त्यावर गोणपाट घालतो, तरी पहाटे कातळाचा गारवा हाडात शिरतो. खाट आणली तर खालून वारा लागतो. मांगराला एका बाजूला भिंतच नाही. खर्च करायचा नाही असं काका म्हणतात. काही उपाय आहे का?
— एक तरुण बागायतदार

उत्तर : आहे, आणि तो तुझ्या घरी पडलेला असणार. भाताचा सुका पेंढा. दोन-तीन गोणपाट एकत्र शिवून मोठी खोळ कर, तिच्यात पेंढा ठासून भर आणि तोंड शिवून टाक. चेपल्यावरही वीतभर जाडी उरली पाहिजे. दर पंधरवड्याला उसवून पेंढा पिंजून घे, पार चेपला असेल तर बदल. पेंढा कोरडा हवा. दवाने भिजलेला पेंढा गारही लागतो आणि कुबटही येतो, म्हणून सकाळी खोळ उन्हात टाकायला विसरू नकोस.

प्लास्टिक ऊब देत नाही, ओल अडवतं. ते अगदी खाली असू दे.

आणि खाट सोडू नकोस. कातळावर फुरसं, हा विषारी साप, किती असतं हे तुला मी सांगायला नको. खोळ खाटेवर टाक. खाटेवर थंडी वाजते कारण खालून वारा वाहून जातो, म्हणून भिंत नसलेल्या बाजूला गोणपाटाचा पडदा जमिनीपर्यंत सोड आणि त्याच्या खालच्या कडेला चार दगड ठेव. पांघरूण अंथरुणात खोचण्याआधी बॅटरीने बघ आणि झटकून घे. चपलाही झटकूनच घालायच्या.

एक मात्र निक्षून सांगते. पडदे सगळीकडून लावून आत शेगडी किंवा निखाऱ्यांची घमेली ठेवून झोपायचं नाही. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, जाग येत नाही आणि माणूस झोपेतच जातो. वर पेंढ्याला आग लागायची भीती आहेच. शेकायचं ते बाहेर, झोपण्याआधी. काकांनाही हे सांग, माझं नाव घेऊन सांग.

प्रश्न : माझ्या फुगवायच्या मॅटवर पावसाळ्यानंतर काळे ठिपके आले आहेत. साफ कसे करावेत? ब्लीच चालेल का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : ब्लीच नको, त्याने कापडावरचा लेप खराब होतो. झडप बंद करून मॅट भरा, सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने मऊ ब्रशने घासा, धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. ठिपक्यांचा डाग थोडा राहील, त्याने ऊब कमी होत नाही. आत बुरशीचा वास येत असेल तर झडप उघडी ठेवून काही दिवस पंख्याखाली टाका, आणि पुढे तोंडाने फुगवणं बंद करा.

आपल्या हवेत मॅट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. झडप उघडी ठेवून, पलंगाखाली पसरून किंवा कपाटामागे उभी करून ठेवा. कॅरीमॅटही घट्ट गुंडाळून ठेवू नका, ती तशीच चेपते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत मॅट विसरू नका, उष्णतेने आतले थर सुटतात आणि मग मधोमध फुगा येतो, त्याला दुरुस्ती नाही. दसऱ्याला एकदा बाहेर काढून भरा, वर दोन उशा आणि एखादं पोतं ठेवून रात्रभर सोडा. सकाळी सैल पडलेली दिसली तर साबणाच्या पाण्याने बुडबुडे शोधा आणि ठिगळ तेव्हाच लावा, म्हणजे डिसेंबरला धावपळ नको.